अ‍ॅम्ब्युलन्सवर रुजू होताय? काय वाचायचं आणि कोणत्या क्रमानं

"सर, १०८ वर लागलोय, कुठलं पुस्तक घेऊ?" असं विचारणारा एकतर नुकता बीएएमएस झालेला असतो, नाहीतर इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचा कोर्स संपवून आलेला. बऱ्याचदा त्यानं विचारायच्या आधीच टिंटिनालीचा विटेएवढा ग्रंथ विकत घेतलेला असतो. ग्रंथ उत्तमच आहे, पण तो हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरांसाठी लिहिलेला आहे. धावत्या गाडीत, पुढे पायलट म्हणजे ड्रायव्हर आणि मागे एकटे तुम्ही, अशा कामाची सुरुवात त्यानं केली तर माणूस दुसऱ्या प्रकरणातच अडकतो. मी अडकलो होतो. पुढचा क्रम त्या अनुभवातून आला आहे. यातलं बरंचसं फुकट मिळतं.

१. पहिला आठवडा पुस्तक नको, गाडी वाचा

महाराष्ट्रात १०८ ची ही अ‍ॅम्ब्युलन्स सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यातल्या २३३ प्रगत जीवरक्षक प्रकारच्या होत्या, बाकीच्या प्राथमिक. तुमच्या वाट्याला कुठली येते त्यावर कप्प्यांत काय असेल ते ठरतं. सामानाची यादी हातात घ्या आणि प्रत्येक कप्पा उघडून बघा. सक्शन, म्हणजे घशातली लाळ-रक्त ओढणारं यंत्र, चालू करा, हातानं दाबून श्वास द्यायच्या अंबू बॅगला लहान मुलांचा मास्क आहे का पाहा, हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या डिफिब्रिलेटरसोबत आलेली पुस्तिका पानापानानं वाचा. ती कोणीच वाचत नाही. बहुतेक वेळा प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही आलेली नसते.

मग पेशंटचा कोरा फॉर्म घरी न्या. नाडी, श्वास, रक्तदाब, साखर, डोळ्यांच्या बाहुल्या, जीसीएस म्हणजे पेशंट किती शुद्धीत आहे त्याचे गुण. एखादी चौकट का ठेवली आहे हे सांगता येईना, की अभ्यास तिथून सुरू करायचा. ग्लासगोच्या डॉक्टरांनी १९७४ साली मांडलेल्या या जीसीएसमध्ये कमीत कमी गुण ३ असतात, जास्तीत जास्त १५. तरी '०' लिहिलेले फॉर्म मी पाहिले आहेत.

२. मग एकच पातळ पुस्तक, पण मोठ्यानं

जागतिक आरोग्य संघटना आणि रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीनं मिळून २०१८ साली 'बेसिक इमर्जन्सी केअर' काढलं. ते संघटनेच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतं. इंग्रजी सोपं आहे, आणि सीटी स्कॅन शंभर किलोमीटरवर असलेल्या ठिकाणी काम करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिलं आहे. आधी एबीसीडीई, म्हणजे श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध आणि मग अंग उघडून पाहणं. त्यानंतर चारच मोठे विषय: श्वासाचा त्रास, शॉक (म्हणजे रक्ताभिसरण ढासळणं), जखमा आणि शुद्ध हरपणं. रात्री येणारे बहुतेक कॉल या चारांत कुठेतरी बसतात.

हे पुस्तक मनातल्या मनात वाचून उपयोग नाही. जोडीदाराला पेशंट करा, खाटेवर झोपवा आणि पानावरची प्रत्येक पायरी बोलून, हात लावून करा. एबीसीडीईचा क्रम तोंडात बसला पाहिजे, पाढ्यासारखा.

त्यात 'सॅम्पल' नावाची प्रश्नांची यादी आहे. ती इंग्रजीत पाठ करू नका, आपल्या बोलीत उतरवा. काय होतंय? कशाची अ‍ॅलर्जी? गोळ्या कुठल्या चालू आहेत? आधीचं काही दुखणं, ऑपरेशन? शेवटचं कधी खाल्लं-प्यालं? हे झालं तेव्हा काय चाललं होतं? शेजारच्या पानावर लोक काय बोलतात ते लिहीत जा. 'वारं गेलं' म्हणजे पक्षाघात, 'आकडी' किंवा 'फेफरं' म्हणजे झटका, 'अंगावरून जातंय' म्हणजे रक्तस्राव. 'जीव घाबरतोय' म्हणणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला नुसती भीती वाटत असेल, किंवा हार्ट अटॅक आलेला असेल. हा शब्दकोश छापलेला मिळत नाही. माझी वही तीन बेस लोकेशनांवर, म्हणजे गाडी उभी राहते त्या ठिकाणांवर, फिरून झाली, आणि प्रत्येक ठिकाणी त्यात नवे शब्द आले.

३. सीपीआर वाचताना आधी साल बघा

सीपीआर म्हणजे हृदय थांबलेल्याची छाती दाबणं आणि त्याला श्वास देणं. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं स्वस्त मिळतात, पण या विषयात तो मोह टाळा. श्वासापासून सुरुवात करायची जुनी पद्धत २०१० मध्ये बदलली आणि छातीवरचे दाब आधी आले. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२५ च्या सूचनांत घशात घास अडकलेल्या मोठ्या माणसालाही आधी पाठीवर पाच थापा आणि मग पोटावर पाच झटके, असं आळीपाळीनं द्यायला सांगितलं आहे. तुमच्या पुस्तकात फक्त पोटावरचे झटके असतील, तर ते जुनं झालं. हार्ट अटॅकच्या प्रत्येक पेशंटला ऑक्सिजन लावायचा, हाही असाच जुना धडा. आता रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांखाली गेला असेल तरच लावतात.

आकडे थोडेच आहेत. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ३० दाबांमागे २ श्वास, आणि मध्ये थांबलात तर १० सेकंदांच्या आत पुन्हा सुरू. ते वाचून पाठ होतात, पण ५ सेंटिमीटर म्हणजे किती हे तळहाताला सरावाच्या पुतळ्यावरच कळतं.

४. आपल्या मातीतलं वाचा

परदेशी पुस्तकांची अडचण इथे येते. त्यांत हेरॉइनवर पानंच्या पानं, रॅटलस्नेकवर वेगळी चौकट, आणि फवारणीच्या विषबाधेवर दीड परिच्छेद. आपल्याकडे २०१७ साली यवतमाळमध्ये कपाशीवर फवारताना विष भिनून शेतकरी दगावले. म्हणून या विषयांसाठी आपल्या आरोग्य खात्याचे सर्पदंशाचे, विषबाधेचे आणि प्रसूतीचे प्रोटोकॉल उतरवून घ्या.

सर्पदंशात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार साप आधी पक्के करा. पहिल्या दोघांचं विष मुख्यतः नसांवर जातं, दुसऱ्या दोघांचं रक्तावर. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दाताचे ठसे नीट दिसतही नाहीत. पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठलेल्या माणसाच्या पापण्या जड झाल्या असतील तर अ‍ॅसिडिटी समजून बसू नका. फडकं आवळायचं नाही, चिरायचं नाही, हातपाय हलू द्यायचा नाही. दंशाची वेळ लिहायची, सुजेच्या कडेला पेननं रेघ मारून तिथेही वेळ टाकायची.

कीटकनाशकात बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, तोंडाला फेस येतो, घाम सुटतो. आधी स्वतःचे ग्लोव्हज, मग पेशंटचे कपडे काढून अंग धुणं. अ‍ॅट्रोपिन या उताऱ्याबद्दल वाचताना एक ओळ अधोरेखित करा: ते पुरेसं झालं की नाही हे छातीतला घरघराट थांबण्यावर ठरतं, बाहुल्या मोठ्या होण्यावर नाही.

आणि विंचू. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून असंख्य जीव वाचवले, आणि ते काम 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकापर्यंत पोचवलं. त्यांचं 'बॅरिस्टरचं कार्टं' हे आत्मचरित्र मी प्रत्येक नव्या मुलाला वाचायला लावतो. औषधाचा डोस त्यात शोधू नका. पेशंटजवळ बसून राहणं, तासातासाला लिहून ठेवणं म्हणजे काय, ते त्यात शोधा.

५. आता जाड पुस्तक, पण उलट बाजूनं

इथे 'इमर्जन्सी केअर इन द स्ट्रीट्स' घ्या, हे खास रस्त्यावर काम करणाऱ्यांसाठी लिहिलेलं. १९६७ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये, कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या बेरोजगार तरुणांना शिकवून फ्रीडम हाउस नावाची अ‍ॅम्ब्युलन्स सेवा उभी राहिली. तोवर तिथे पेशंटला पोलिसांची गाडी नेई. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन त्यांच्या वैद्यकीय प्रमुख झाल्या आणि त्यांच्यासोबत गाडीत फिरल्या. १९७५ मध्ये शहरानं ती सेवा बंद केली, पण त्या कामातून आलेल्या त्यांच्या या पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्त्या आजही निघतात. ही सगळी कथा केविन हॅझर्ड यांच्या २०२२ च्या 'अमेरिकन सायरन्स'मध्ये आहे. सुट्टीत वाचा.

पाठ्यपुस्तक मात्र पहिल्या पानापासून वाचू नका. आज दम्याचा कॉल झाला, तर रात्री दम्याचं प्रकरण. उद्या गाडीतच बाळंतपण झालं, तर ते. पेशंटचा चेहरा डोळ्यांसमोर असताना वाचलेलं विसरत नाही, आणि आपण काय चुकलो तेही तिथेच सापडतं. ते झोंबतं, तरी फॉर्म पुढ्यात ठेवूनच वाचा.

६. कायद्याची दोन पानं

१९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारी असो वा खासगी, डॉक्टरनं आधी जीव वाचवायचा, पोलिसांचे सोपस्कार नंतर. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १३४अ अपघातग्रस्ताला सद्‌भावनेनं मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. हे दोन्ही मराठीत सांगता आलं पाहिजे, कारण अपघाताच्या जागी "आम्हाला साक्षीला ओढतील" म्हणून लोक चार हात लांब उभे असतात.

७. आणि जे वाचू नये ते

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं साहित्य. जोरात खोकून हार्ट अटॅक थांबवा, पक्षाघातात बोटं सुईनं टोचा, असलं काही. वाचू नका म्हटलं, तरी एकदा नजर टाकून ठेवा, कारण नातेवाइकांनी ते वाचलेलं असतं आणि तुम्ही पोचायच्या आत निम्मं करूनही झालेलं असतं. प्रत्येकावर एका वाक्याचं उत्तर तयार ठेवा, न रागावता देता येईल असं. झटका आलेल्याच्या नाकाशी चप्पल धरून बसलेले काका प्रत्येक गावात भेटतात. त्यांच्याशी वाद घालू नका. "काका, ती पायात घाला आणि स्ट्रेचरचं हे टोक धरा" म्हणा, ते धरतात.