कार्यरत कलाकाराचा कारकीर्द-परिचय कसा लिहावा

चित्रपट आणि मालिकांत काम करणाऱ्या अभिनेत्यांचे व लेखकांचे जे परिचय आपण वाचतो, त्यांतील बहुतेकांत आधीची एखादी वेगळी नोकरी येते, मग एकदम गाजलेले काम येते आणि या दोहोंमधली दहा-पंधरा वर्षे ‘बराच संघर्ष केल्यानंतर’ एवढ्या शब्दांत गुंडाळलेली असतात. कलाकार घडतो तो मात्र याच वर्षांत. परिचय लिहिणाऱ्याचे खरे काम ती वर्षे भरून काढण्याचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी सर्वांत आधी एका कागदावर वर्षे एकाखाली एक लिहावीत आणि प्रत्येक वर्षासमोर तीन गोष्टी नोंदवाव्यात: त्या वर्षी शिक्षण किंवा प्रशिक्षण कोणते चालू होते, कोणते काम झाले आणि पोट कशावर चालत होते. नवाजुद्दीन सिद्दीकी 1996 मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून बाहेर पडले, 1999 मध्ये ते पडद्यावर अगदी लहान भूमिकेत दिसले आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते 2012 मध्ये. कागदावर 1999 ते 2012 या ओळी रिकाम्या दिसू लागल्या की काय शोधायचे आहे, हे आपोआप समजते. एक-दोन प्रसंगांच्या भूमिका, रंगभूमी, कार्यशाळा, डबिंग, जाहिराती, मालिकेतील चार भागांपुरते पात्र, हे सगळे त्या रिकाम्या ओळींत बसते आणि ते वगळण्याचा अधिकार आपल्याला नाही.

माहिती गोळा करताना इंटरनेटवरील तयार याद्यांवर विसंबू नये. त्या केवळ माग काढण्यासाठी वापराव्यात. पुरावा मानावा तो श्रेयनामावलीला. चित्रपटाच्या शेवटी नावे भराभर वर सरकतात तेव्हा चित्र थांबवून एकेक ओळ वाचावी लागते, आणि पुष्कळदा ‘इन्स्पेक्टर’ किंवा ‘दुसरा शेजारी’ अशा पात्रासमोर आपल्याला हवे असलेले नाव सापडते. नाटकांच्या जुन्या माहितीपत्रिका आणि स्पर्धांच्या निकालपत्रिका यांचाही असाच उपयोग होतो. नाव सापडले तरी व्यक्ती तीच आहे का, हे पाहावे. सुरुवातीच्या काळात मी एकाच नावाच्या दोन अभिनेत्यांची कामे एका परिचयात एकत्र केली होती. त्यांतील एकाने अत्यंत सौजन्याने ती चूक दाखवून दिली, पण तोवर मजकूर छापून झाला होता. तेव्हापासून नावाबरोबर चेहरा, आवाज किंवा सोबतच्या कलाकाराची साक्ष मिळाल्याशिवाय मी कोणतेही काम कोणाच्या खात्यावर मांडत नाही. नाव बदललेलेही असू शकते. हॉलिवूडमधील अभिनेते मायकेल कीटन यांचे जन्मनाव मायकेल डग्लस, परंतु अमेरिकेतील अभिनेत्यांच्या संघटनेत दोन सभासदांनी एकाच नावाने काम करायचे नसते, म्हणून त्यांना दुसरे आडनाव घ्यावे लागले.

आधीच्या व्यवसायाविषयी लिहिताना फार जपून लिहावे. वाचकाला ते वळण आवडते, आणि म्हणूनच ते खोटे रंगवले जाण्याचा धोका असतो. डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते आणि 1969 मध्ये ते पूर्णवेळ अभिनयाकडे वळले, एवढेच लिहिले तर त्यांनी शस्त्रक्रियेची हत्यारे ठेवली आणि दुसऱ्या दिवशी रंगमंचावर पाऊल टाकले, असा समज होईल. वास्तविक वैद्यकीय महाविद्यालयात असल्यापासून ते नाटके करत होते. ब्रिटिश अभिनेते ॲलन रिकमन यांचा पहिला चित्रपट 1988 मध्ये, त्यांच्या वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी आला, ही गोष्ट खरी. परंतु ग्राफिक डिझाइनचा व्यवसाय सोडून सव्विसाव्या वर्षी त्यांनी लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये प्रवेश घेतला होता आणि मधल्या काळात रंगभूमीवर व दूरचित्रवाणीवर भरपूर काम केले होते. उशिरा आलेला माणूस आणि उशिरा दिसलेला माणूस यांत फरक करावा. पूर्वीच्या कामाचा पुढच्या कामाशी प्रत्यक्ष धागा असेल, तर तो जरूर उलगडावा. अमेरिकी मालिकालेखक डेव्हिड सायमन यांनी बाल्टिमोर शहरातील ‘बाल्टिमोर सन’ या दैनिकात गुन्हेगारीविषयक बातमीदारी केली आणि पुढे त्यांच्या मालिकांत तेच शहर, तेच पोलीस आणि तेच रस्ते आले. असा धागा नसेल, तर नोकरीचा उल्लेख एका वाक्यात आटोपावा.

लेखकांचा परिचय अधिक अवघड असतो, कारण त्यांचे काम चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. आपल्याकडे कथा, पटकथा आणि संवाद ही तीन श्रेये वेगवेगळी दिली जातात, आणि मालिकांत त्यांच्या जोडीला ‘कथाविस्तार’, म्हणजे मूळ कथा पुढच्या भागांसाठी वाढवण्याचे श्रेय, असते. संवाद लिहिणाऱ्याला ‘चित्रपटाचा लेखक’ म्हणणे हा दुसऱ्या दोघांवर अन्याय आहे. अमेरिकी चित्रपटांत दोन लेखकांच्या नावांमध्ये ‘अँड’ हा शब्द अक्षरांत लिहिलेला असेल, तर त्यांनी स्वतंत्रपणे काम केले असे समजायचे आणि त्याऐवजी ‘&’ हे चिन्ह असेल, तर ती लेखकांची जोडी समजायची. मालिकेच्या लेखकाबाबत त्याने किती भाग लिहिले आणि कोणत्या टप्प्यावर तो आला, हेही विचारावे. हजार भागांच्या मालिकेत पन्नास भाग लिहिलेल्या व्यक्तीचे काम सन्मानाचेच आहे, फक्त ते पन्नास भागांचे आहे असे लिहावे. शिवाय श्रेयनामावली हा पुरावा असला, तरी ती अपुरी असू शकते. अमेरिकी पटकथाकार डाल्टन ट्रम्बो यांच्यावर हॉलिवूडने बहिष्कार घातला होता, म्हणून 1953 च्या एका चित्रपटाचे त्यांचे लेखन दुसऱ्याच्या नावावर गेले. ऑस्कर त्यांना मरणोत्तर 1993 मध्ये देण्यात आले आणि पडद्यावरील श्रेय 2011 मध्ये परत मिळाले. लेखकाने विनाश्रेय कामाचा दावा केल्यास तो फेटाळू नये, पण ‘त्यांच्या म्हणण्याप्रमाणे’ हे शब्द जोडूनच तो छापावा.

वर्षे लिहिताना चित्रीकरणाचे वर्ष आणि प्रदर्शनाचे वर्ष यांची गल्लत टाळावी. काही चित्रपट पूर्ण होऊनही दीर्घकाळ डब्यात पडून राहतात. अशा वेळी नंतर प्रदर्शित झालेली भूमिका प्रत्यक्षात आधीची असते आणि अभिनयाच्या वाढीविषयी आपण काढलेला निष्कर्ष उलटा ठरतो.

प्रत्यक्ष भेट होणार असेल, तर प्रेरणेविषयी विचारण्याऐवजी कामाविषयी विचारावे. पहिला मोबदला कशाचा मिळाला, ऑडिशनची बातमी कोणाकडून समजत असे, हाती आलेले कोणते काम ऐन वेळी गेले, बदली कलाकार म्हणून कोणाच्या जागी उभे राहावे लागले, काम नसताना घर कोणी चालवले. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना अनेक जण पत्नीचे, बहिणीचे किंवा एखाद्या मित्राचे ऋण सांगतात. ते नाव छापण्यापूर्वी त्या व्यक्तीची परवानगी घ्यावी.

मजकूर तयार झाल्यावर त्यातील तपशिलाचा भाग, म्हणजे नावे, वर्षे आणि श्रेये, त्या कलाकाराला वाचून दाखवावा; आपले मत असलेला भाग मात्र त्याच्या संमतीवर सोडू नये. ‘सध्या ते अमुक मालिकेत काम करत आहेत’ या वाक्यातील ‘सध्या’ खोडून तेथे महिना व वर्ष घालावे, कारण मालिका बंद होते आणि परिचय मात्र वाचला जातच राहतो.