कळलावीचा गड्डा परड्यात लावताना

आमच्या खानापूर भागात वळीव पडून गेला की मी परड्यात कळलावी लावायला घेते. गड्डा रानातून उपटून आणू नका. आमच्या बांधावर ती दरसाल कमीच दिसते. ज्यांच्या परड्यात आहे त्यांच्याकडून एक फाटा मागून घ्या.

गड्डा नांगरासारखा दोन फाट्यांचा असतो, म्हणून तर संस्कृतात हिला लांगली म्हणतात. प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकच डोळा. पहिल्या वर्षी माती झाडायला मी गड्डा दगडावर आपटला, दोन्ही डोळे मोडले, आणि पावसाळाभर काही उगवलं नाही. दोन्ही हातांनी अलगद धरा, तीन बोटं खोल आडवा ठेवा, वर शेणखत मिसळलेली तांबडी माती लोटा. जागा उताराची हवी. पाणी साचलं की गड्डा कुजतो.

हातमोजे घालाच. मुळापासून बीपर्यंत सगळ्या झाडात कोल्चिसिन नावाचं विष असतं. गड्डा रताळ्यासारखा दिसतो, म्हणून पोरांच्या हाती लागू देऊ नका. बाळंतपणाच्या कळा आणते म्हणून कळलावी. पण कुणी सांगितलं तरी तो उपाय करू नका, जीव जातो.

कोंब वीतभर झाला की शेजारी काटक्या रोवा. पानाचं टोकच तणाव्यासारखं वळतं आणि काटकीला विळखा घालतं. दोरीने बांधायची गरज नाही. श्रावणात फुलं येतात. पाकळ्या आधी हिरवट, मग पिवळ्या, शेवटी लालभडक होऊन मागे वळतात. बी हवं असेल तर नीट बघा: फुलाची मधली काडी बुडाशीच काटकोनात बाजूला वळलेली असते, पुंकेसरांपासून लांब. सकाळी दुसऱ्या फुलाचा पराग बोटाने तिच्या टोकाला लावा. बियांपासून फूल यायला मात्र तीन-चार वर्षं लागतात.

कळलावी ज्या प्रजातीत येते ती ग्लोरिओसा, जेमतेम डझनभर जातींची, बहुतेक आफ्रिकेतल्या. दक्षिण आफ्रिकेतल्या ग्लोरिओसा मोडेस्टाची नारिंगी फुलं घंटेसारखी खाली लोंबतात. आपली ती ग्लोरिओसा सुपर्बा. आमच्या घरी गौरीला तेरड्याबरोबर तिचं एक फूल वाहतात.

दिवाळीनंतर वेल पिवळा पडतो, तो ओढू नका. वाळू द्या, जागेवर खूण म्हणून काटकी ठेवा. माघात खणलंत तर जुना गड्डा सालीसारखा चिपाड झालेला दिसेल आणि शेजारी नवा टणक गड्डा. तो कोरड्या वाळूत, मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा.