'आंबा' या शब्दाचे १२ बाइट

रत्नागिरीत राहून सॉफ्टवेअरचं काम मिळतं का, असं शेवटच्या वर्षाची मुलं मला विचारतात. मला मिळालं ते एका बॅकअप टूलमुळे. बागायतदारांच्या आंब्याच्या पेट्यांचा हिशेब एका डेटाबेसमध्ये होता, त्याची रोज रात्री प्रत घ्यायची.

जूनच्या पावसात वीज गेली आणि जुना सर्व्हर परत उठलाच नाही. बॅकअप नव्या मशीनवर चढवला, एकही एरर आली नाही. दुपारी एका काकांचा फोन: "अगो, माझं नाव खंय गेलं? नुसती चिन्हं दिसतायत."

संगणक अक्षरं बाइटांत, म्हणजे छोट्या आकड्यांत साठवतो. युटीएफ-८ ही सगळ्या लिप्या साठवायची पद्धत; तिच्यात देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं. आ, अनुस्वार, ब, काना मिळून 'आंबा' १२ बाइटांचा. जुन्या टेबलांवर 'लॅटिन१' असा शिक्का होता; ही युरोपीय अक्षरांची पद्धत, एका बाइटाला एक अक्षर धरणारी. हिशेबाचा प्रोग्रॅम त्याच शिक्क्याने लिहायचा आणि वाचायचा, म्हणून पडद्यावर सगळं नीट दिसे. आमचं टूल मात्र मायएसक्यूएलडम्पला (मायएसक्यूएल डेटाबेसची प्रत काढणारा प्रोग्रॅम) कुठली पद्धत ते सांगत नसे, आणि तो न सांगता युटीएफ-८ धरतो. त्याने एकेक बाइट वेगळं अक्षर समजून पुन्हा युटीएफ-८ केला.

दुरुस्ती उलट्या वाटेने झाली: नाव लॅटिन१मध्ये, तिथून बायनरीत (नुसते बाइट), तिथून युटीएफ८एमबी४मध्ये (मायएसक्यूएलमधलं पूर्ण युटीएफ-८). इथे घाई करू नका. ही दुरुस्तीची क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) धड असलेल्या नावावर चालली तर प्रश्नचिन्हं उरतात आणि मूळ नाव जातं. आधी टेबलाची प्रत करा आणि साठवलेले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्स फंक्शनने बघा. धड मराठी नाव 'ई०ए४' किंवा 'ई०ए५'ने सुरू होतं, बिघडलेलं 'सी३ए०'ने. मला हे कळायला दोन रात्री लागल्या.

दुसरा बग छोटा, पण मला तो जास्त लागला. टूलची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणारी साधी फाइल) नल, म्हणजे 'माहितीच नाही', आणि रिकामी जागा सारखीच लिहायची. 'पैसे किती ते अजून ठरलं नाही' आणि 'मुद्दाम कोरं ठेवलं' यांत बागायतदाराला केवढा फरक!

तेव्हापासून मी चाचणीसाठी एक वाईट टेबल ठेवते. 'ळ' असलेलं नाव, दोन ओळींचा पत्ता, एकेरी अवतरणचिन्ह, शून्याने सुरू होणारा खातेक्रमांक, नल, आणि एक इमोजी. बहुतेक इमोजींना ४ बाइट लागतात, मायएसक्यूएलच्या जुन्या 'यूटीएफ८'मध्ये ३च मावतात. मराठी मावते म्हणून हा दोष आपल्याकडे उशिरा सापडतो. हे टेबल बॅकअप करायचं, रिकाम्या सर्व्हरवर चढवायचं आणि दोन्हीकडचे हेक्स ताडून बघायचे.

संध्याकाळी काकांनी यादीतली नावं फोनवर एकेक करून वाचली. मी इकडे खूण करत गेले.