टेबलावर किल्ला मांडताय? मिनी-टेरेनच्या खेळात या चुका टाळा

फोटोत झकास दिसणारं टेरेन, म्हणजे टेबलावरच्या खेळासाठी बनवलेले छोटे किल्ले, भिंती, टेकड्या, खेळायला बसल्यावर डोक्याला ताप होतं, कारण ते बघण्यासाठी बनवलेलं असतं, हात घालण्यासाठी नाही. तीन-चार तास पाच जणांचे हात त्या भिंतींमधून फिरणार आहेत, हे गृहीत धरूनच कटर हातात घ्या.

माप आधी, रंग नंतर

डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन खेळायच्या खेळात एक चौकोन म्हणजे ५ फूट, आणि टेबलावर तो १ इंचाचा. माणसाएवढ्या पात्राच्या मिनीचा (छोट्या पुतळ्याचा) बेस, म्हणजे खालची चकती, साधारण २५ मिलिमीटरचा, म्हणजे चौकोनात जेमतेम मावणारा. नवशिके १ इंचाचा बोळ आखतात आणि भिंतींची जाडीही त्याच इंचातून काढतात. ५-५ मिलिमीटरच्या दोन भिंती उभ्या राहिल्या की आत उरतात १५ मिलिमीटर. मिनी आत शिरतच नाही. भिंत ग्रिडच्या रेषेबाहेर चिकटवा आणि बोळ शक्यतो दोन चौकोन रुंद ठेवा. एका चौकोनाच्या बोळात बोटं जात नाहीत, शिवाय पुढचा एकटा लढतो आणि मागचे तिघे मोबाइल बघत बसतात.

भिंतीची उंची अर्धा इंच पुरे. २ इंचांची भिंत उभारली की समोरच्याला आतलं काही दिसत नाही, तो उठून वाकतो आणि बाहीत गॉब्लिन या छोट्या राक्षसांच्या दोन मिनी अडकवून परत बसतो. भिंत छताला टेकलेली आहे, हे गेम मास्टरने (खेळ चालवणाऱ्याने) तोंडाने सांगितलं तरी भागतं. टेकडीलाही उतार देऊ नका, मिनी घसरतात. अर्ध्या इंचाच्या पायऱ्या करा, प्रत्येक पायरी निदान सव्वा इंच खोल.

सगळं टेबल भरून टाकणं

वन बीएचकेतल्या डायनिंग टेबलावर २ बाय २ फुटांचा पट खूप झाला. तेवढ्यात २४ बाय २४ चौकोन होतात, म्हणजे खेळातले १२० फूट. एका फेरीत ३० फूट चालणाऱ्या पात्राला आरपार जायला चार फेऱ्या लागतात. उरलेली कड कॅरेक्टर शीट, फासे आणि चहासाठी. फासे टेरेनमध्ये टाकू देऊ नका. धातूचा डी-ट्वेंटी (वीस बाजूंचा फासा) रंगवलेल्या मिनीची तलवार सहज मोडतो. ताटात रुमाल अंथरून त्यात टाकायला सांगा. कागदी टोकन वापरत असाल तर पंखा आठवा: प्रत्येक टोकनखाली लोखंडी वॉशर चिकटवा.

पुढची खोली लढाई संपल्यावर मांडायला घेतली, की वीस मिनिटं जातात आणि खेळाचा रंग उतरतो. प्रत्येक खोली १२ इंची चौकोनी केक बोर्डावर घरूनच मांडून आणा, वर काळं कापड टाका आणि दार उघडलं की बोर्ड सरकवा. आठ गॉब्लिन सारखेच दिसत असतील तर बेसच्या कडेला नेलपॉलिशचे वेगवेगळे ठिपके द्या, नाहीतर कोणाला किती मार बसला यावरून वाद ठरलेला.

वाद टाळायचे तर इनिशिएटिव्हआधीच (लढाईत कोण कधी खेळणार हे ठरण्याआधीच) ठरवा: दगडांचा ढीग अवघड जमीन आहे का, म्हणजे तिथे चाल दुप्पट खर्च होणार का? पिंपामागे अर्धा आडोसा, बचावाला +२; तटाच्या फटीमागे पाऊण आडोसा, +५. तिरकी चाल ५ फुटांचीच धरायची की नाही, हेही. फायरबॉल या आगीच्या गोळ्याच्या मंत्रासाठी ८ इंच व्यासाची तारेची कडी वळून ठेवा. २० फूट त्रिज्या म्हणजे तेवढंच, आणि चौकोन मोजायची कटकट संपते.

पावसाळा

मुंबईत टेरेन बिघडतं ते बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. दमट हवेत स्प्रे प्राइमर (रंगाआधीचा पहिला हात) मारला की त्यावर पांढुरकी धूळ बसल्यासारखं होतं. या महिन्यांत ब्रशने प्राइमर लावा. झालेल्या मिनीवर तो पांढुरकेपणा आला असेल तर ग्लॉस वार्निशचा पातळ हात द्या, बहुतेक वेळा तो जातो. चकाकी नको असेल तर कोरड्या दिवशी वरून मॅट मारा.

थर्माकोलवर थेट स्प्रे तर कधीच नको. स्प्रेमधलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं, तटबंदीला मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं पडतात. इन्सुलेशनचा एक्सपीएस (घट्ट फोमचा) बोर्ड जास्त टणक असला तरी तोही पॉलिस्टायरीनच, त्यामुळे गत तीच. फेव्हिकॉल आणि काळा ॲक्रेलिक समप्रमाणात मिसळून दोन हात द्या, दोन्हींमध्ये रात्रभर वाळू द्या. पावसात पूर्ण दिवस. पुठ्ठा किंवा एमडीएफ असेल तर दोन्ही बाजूंना लावा. एकाच बाजूला लावलं की ती बाजू वाळताना आक्रसते आणि पाट वाकतो.

जमिनीसाठी चहाचा चोथा मस्त दिसतो, पण ओलसर चिकटवला तर आठवड्यात बुरशी. धुऊन कढईत मंद आचेवर खडखडीत होईपर्यंत परता. चौपाटीची वाळू आणलीत तर तीही दोन-तीन पाण्यांनी धुवा, मिठामुळे ती हवेतला ओलावा ओढत राहते आणि वरचा रंग सुटतो.

लोकलमधून नेताना

मिनी कापसात गुंडाळून पिशवीत टाकल्या, तर दादरला उतरेपर्यंत भाले मोडलेले. बेसखाली ५ मिलिमीटर व्यासाचे निओडिमियम चुंबक चिकटवा आणि मिनी पत्र्याच्या डब्यात उभ्या करा. इथे फसगत होते ती डब्यातच: स्वयंपाकघरातल्या बऱ्याच स्टीलच्या डब्यांना चुंबक चिकटत नाही किंवा अगदी हलकं चिकटतं. बिस्किटांचा पत्र्याचा डबा चालतो. डबा कोणताही असो, आधी चुंबक लावून बघा. मग मिनी लावून, झाकण घालून, गादीवर उलटा धरून हलवा. आत खडखडलं तर त्या मिनीखाली दुसरा चुंबक.