फ्रेट बिलातील उत्सर्जन अधिभार कसा तपासावा

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतील कास्टिंग न्हावाशेवाहून रॉटरडॅम वा हॅम्बुर्गला रवाना होते, तेव्हा फॉरवर्डरच्या (माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या एजंटच्या) बिलात भाड्याखाली उत्सर्जन अधिभार, म्हणजे युरोपच्या प्रदूषण नियमांमुळे जहाज कंपनीला येणाऱ्या खर्चाची वसुली, वेगळा दाखवलेला असतो. एफओबी सौद्यात (विक्रेत्याचा खर्च माल जहाजावर चढेपर्यंतच) समुद्रभाड्याबरोबर तो खरेदीदार भरतो. सीआयएफ सौद्यात (समुद्रभाडे व विमा विक्रेत्याकडे) मात्र तो आपल्याच खिशातून जातो, म्हणून त्याचा हिशेब मागणे हा आपला हक्क आहे.

प्रथम जहाज सुटण्याचे वर्ष पाहावे. युरोपीय संघाने ५,००० ग्रॉस टन (जहाजाच्या आकारमानाचे माप) व त्यावरील जहाजांना उत्सर्जन परवाने, म्हणजे हवेत सोडलेल्या प्रत्येक टन कार्बनमागे विकत घेऊन सरकारजमा करायचे परवाने, सक्तीचे केले असून, लागू उत्सर्जनापैकी २०२४ साठी ४० टक्के, २०२५ साठी ७० टक्के आणि २०२६ पासून संपूर्ण उत्सर्जनाचे परवाने जमा करावे लागतात. परवान्याचा भाव स्थिर राहिला तरी दोन वर्षांत अडीचपट वाढ नियमातच आहे, त्यामुळे जुन्या बिलाशी थेट तुलना करून जहाज कंपनीला दोष देणे योग्य नाही.

त्यानंतर मार्ग विचारावा, कारण खरी मेख इथेच आहे. संघाबाहेरून येणाऱ्या फेरीचे निम्मे उत्सर्जन मोजले जाते, परंतु ही फेरी न्हावाशेवापासून धरली जाईलच असे नाही. युरोपपूर्वी जहाजाने माल चढवण्या-उतरवण्यासाठी सौदी अरेबियातील जेद्दाहसारख्या बंदरात थांबा घेतला असेल, तर मोजणी तिथून सुरू होते. युरोपजवळ थांबून मोजणी कमी करण्याची पळवाट रोखण्यासाठी पूर्व पोर्ट सैद (इजिप्त) आणि तांजर मेड (मोरोक्को) येथील कंटेनर जहाजांचे थांबे मात्र असे थांबे मानले जात नाहीत, म्हणजे मोजणी त्याआधीच्या बंदरापासूनच होते. सुएझऐवजी केप ऑफ गुड होपला वळसा घातल्यास अंतर दीडपटीहून अधिक होते, आणि एक टन जड इंधन जळाले की सुमारे ३.१ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे ध्यानात ठेवून आकारणी कोणत्या मार्गावर केली आहे ते लेखी मागवावे.

२०२५ पासून लागू झालेल्या फ्युएलईयू नियमाचा, म्हणजे इंधनाची उत्सर्जन-तीव्रता (वापरलेल्या ऊर्जेच्या प्रमाणात होणारे उत्सर्जन) प्रारंभी २ टक्क्यांनी घटवण्याच्या अटीचा, खर्च त्याच रकमेत मिसळला असल्यास तो वेगळा करून घ्यावा. अधिभार सहसा वजनावर नव्हे तर कंटेनरवर आकारला जातो. म्हणून रस्त्याच्या आणि कंटेनरच्या वजनमर्यादेत राहून तो पूर्ण भरणे फायद्याचे ठरते. बहुतेक मोठ्या कंपन्या हा दर तिमाहीला बदलतात, त्यामुळे सीआयएफ भाव कळवण्यापूर्वी जहाज सुटण्याच्या तारखेचा दर मागवून घ्यावा.