थ्री कार्ड पोकर: डीलरच्या विरुद्ध कसं खेळायचं

कॅसिनोत पोकर म्हटलं की लोकांना वाटतं आता ब्लफ करायचं, समोरच्याचा चेहरा वाचायचा. थ्री कार्ड पोकरमध्ये यातलं काहीच नसतं, टेबलावर चारपाच जण असले तरी तुमचा सामना फक्त डीलरशी, म्हणजे कॅसिनोतर्फे पानं वाटणाऱ्याशी, आणि ठरवायचं एकच, खेळायचं की पानं टाकून द्यायची.

आधी अँटीच्या (सुरुवातीच्या पैजेच्या) चौकोनात चिप्स ठेवा, समजा 10. मग डीलर तुम्हाला तीन आणि स्वतःला तीन पानं पालथी वाटतो. आपली बघा, शेजारच्याला दाखवू नका. खेळायचं असेल तर प्लेच्या चौकोनात अँटीइतकेच म्हणजे आणखी 10 लावा, नाहीतर फोल्ड, म्हणजे पानं टाका, आणि अँटीचे 10 गेले.

आता डीलर पानं उघडतो आणि नवीन माणूस इथेच गोंधळतो. डीलरचा हात, म्हणजे त्याची तीन पानं, कमीत कमी राणीचा किंवा त्याहून मोठा हवा, नसेल तर तो क्वालिफाय होत नाही, मग तुमच्या हातात काहीही असो, अँटीवर 10 मिळतात आणि प्लेचे 10 नुसते परत येतात. राजाची जोडी असूनही निम्मेच पैसे आले की डीलर चुकला असं वाटतं, पण नियमच तसा आहे. तो क्वालिफाय झाला आणि तुमचा हात मोठा असेल तर दोन्हीवर 10-10 मिळतात, लहान असेल तर 20 गेले, बरोबरी झाली तर सगळं परत.

हातांचा क्रम वरून खाली असा: एकाच चिन्हाचा सिक्वेन्स (ओळीने येणारी पानं), तिन्ही पानं सारखी, साधा सिक्वेन्स, कलर (तिन्ही पानं एकाच चिन्हाची), जोडी, मग मोठं पान. नेहमीच्या पाच पानांच्या पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर असतो, इथे उलटं, कारण तीन पानांत सिक्वेन्स 720 प्रकारे लागतो आणि कलर 1096 प्रकारे, म्हणजे सिक्वेन्स जास्त दुर्मिळ.

कधी खेळायचं? राणी-6-4 किंवा त्याहून चांगलं आलं की खेळा, त्याखाली फोल्ड, एवढंच पाठ करा. राणी-7-2 आलं तर खेळायचं कारण सात सहाच्या वर आहे, मग शेवटची दुर्री बघायचीच नाही. राणी-6-3 मात्र टाकायचं. राजा किंवा एक्का असेल तर बाकीची दोन कितीही फालतू असू देत, खेळा. हे नीट पाळलंत तर अँटीमागे कॅसिनोचा वाटा, म्हणजे त्याचा सरासरी नफा, साधारण 3.37 टक्के राहतो, मनाला येईल तसं खेळलात तर जास्त जातो.

शेजारी पेअर प्लस नावाची वेगळी पैज असते, जोडी किंवा वरचं काही आलं की डीलरकडे काय आहे ते न बघता पैसे मिळतात. ती लावण्याआधी टेबलावर छापलेला तक्ता वाचाच. सगळ्यात वरच्या हाताला 40 पट, तिन्ही सारख्यांना 30 पट, सिक्वेन्सला 6 पट, जोडीला 1 पट असं असेल तर फक्त कलरचा आकडा बघा, तिथे 4 पट असेल तर कॅसिनोचा वाटा 2.32 टक्के आणि 3 पट असेल तर तोच 7.28 टक्के. 3 दिसलं तर मी तो चौकोन रिकामाच ठेवतो.