समीक्षकाची कारकीर्द कशी अभ्यासावी
समीक्षकाची पुस्तके प्रसिद्धीच्या क्रमाने वाचावीत आणि प्रत्येक पुस्तकाच्या वेळी तो कोठे काम करत होता, हे वहीच्या समासात पेन्सिलीने नोंदवावे. साहित्यसमीक्षक गणेश देवी यांचेच पाहा: बडोद्याच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवत असताना १९९२ साली त्यांचे ‘आफ्टर अ‍ॅम्नेशिया’ हे समीक्षेचे इंग्रजी पुस्तक आले, १९९३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला, पुढे प्राध्यापकी सोडून ते गुजरातमधल्या तेजगढच्या आदिवासींमध्ये गेले आणि मौखिक परंपरा हाही साहित्याभ्यासाचाच विषय आहे, हे त्यांनी कृतीने दाखवले. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. म्हणून ग्रंथालयातल्या टिपणांवर थांबू नये. गावातल्या एखाद्या आजीची जात्यावरची ओवी, तिच्या उच्चारांना हात न लावता, जशीच्या तशी उतरवून घ्यावी आणि मग पुस्तक पुन्हा उघडावे.